विज्ञानकथा बालवाङ्मयाच्या कप्प्यात का?

पुस्तकांच्या दुकानात मराठी विज्ञानकथा कुठे आहेत असे विचारले, की विक्रेता बालवाङ्मयाच्या कप्प्याकडे बोट दाखवतो आणि दर वेळी माझ्या डोक्यात तिडीक जाते. पऱ्या, राक्षस आणि बोलणारे ससे यांच्या शेजारी ही पुस्तके रचणाऱ्याने त्यांतले एक पान तरी उलटले असेल का?

जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, म्हणजे स्वतःचीच आद्याक्षरे उलटी करून पाठवली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले, या गोष्टीला अर्धशतक उलटून गेले. २०२१ साली ते नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा तरी हा प्रकार थांबेल असे मला मनापासून वाटले होते, पण कप्पा काही बदलला नाही. साहित्य अकादमीचा पुरस्कारही त्यांच्या कथांना नव्हे, तर आत्मचरित्राला मिळाला, हे मला आजही खुपते.

यंत्राच्या सल्ल्याने कोणाचे कर्ज नाकारले गेले किंवा कोणाची नोकरी गेली, तर जाब कोणाला विचारायचा, हा प्रश्न आज घराघरांतल्या प्रौढांपुढे उभा आहे. अशा प्रश्नांचा आधीच विचार करणाऱ्या साहित्याला “मुलांसाठी छान आहे हो” म्हणून बाजूला सारणाऱ्या सुशिक्षित वाचकांचा मला विक्रेत्यापेक्षाही अधिक राग येतो.