काप्पा, गिरो आणि माझे अठरा रुपये

परवा मालवणहून कुडाळला येताना एसटीत माझी खिडकी गेली. गेली म्हणजे मीच दिली. एक काका म्हणाले, "माका खिडकी व्हयी," आणि मी सभ्य माणसासारखा सरकलो.

बसल्या बसल्या त्यांनी माझ्या पुस्तकात मान घातली. मला जगभरच्या भुताखेतांचा नाद आहे. पानावर जपानचा काप्पा होता.

"ह्या काय?"

"काप्पा. नदीत राहतो, माणसं ओढतो. डोक्यावर खोलगट वाटी, तिच्यातलं पाणी हीच त्याची ताकद."

"ह्यो तर आमचो गिरो!"

मला कोण आनंद! कारण रशियातला लेशीसुद्धा आपल्या चकव्यासारखाच रानात वाट चुकवतो. त्यावर उतारा, कपडे उलटे घालायचे आणि डावा जोडा उजव्या पायात. हे मी एकदा सासुरवाडीला जेवताना सांगितलं होतं. असो.

"त्याला काकडी फार आवडते," मी चेकाळून म्हणालो. "काकडीच्या सुशीला तिकडे काप्पामाकीच म्हणतात."

"काकडी? श्रावण पाळता काय तो? गिरो माशे खाता."

"पण काका, हा जपानी..."

"जपानात गेलेलंस?"

"नाही."

"मगे? माझ्या आज्यान गिरो धरललो. शेंडी कापून कणगीत लपयल्यान. वर्सभर नांगर धरल्यान गिऱ्यान. तुझो काप्पो काय करता?"

"त्याचा तोडलेला हात परत दिला, की हाडं बसवायची विद्या शिकवतो."

हे बोलायला नको होतं. काका मागे वळून ओरडले, "हे हाडां बसयतत!"

मागून एका आजींचा गुडघा पुढे आला. मी फक्त वाचतो, असं परोपरीनं सांगितलं.

"म्हंजे बसयत नाय?" आजी अशा सुरात म्हणाल्या, की मीच त्यांचा गुडघा मोडला असावा.

घरी रोज विचारतात, याचा उपयोग काय? जुन्या कसोट्यांचे धावफलक पाठ असलेल्या माझ्या मेव्हण्याला मात्र कुणी विचारत नाही. त्याला उलट आणखी एक पोळी वाढतात.

तर, काप्पाला हरवणं सोपं. त्याला वाकून नमस्कार करायचा. तो पडला शिष्टाचाराचा. उलट वाकतो, वाटीतलं पाणी सांडतं, खेळ खलास.

कुडाळला तिकिटामागे लिहिलेले अठरा रुपये मागायला गेलो. कंडक्टरनं बॅग मिटली, दोन्ही हात जोडले. "नमस्कार, महाराज!"

मी वाकलो.

मान वर केली तेव्हा गाडी सावंतवाडीकडे निघाली होती. माझ्या खिडकीतून काका हात हलवत होते.