नाताळ परका, म्हणे!

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं, 'नाताळ म्हणू नका, परका शब्द आहे.' खाली धडाधड अंगठे. डोकंच फिरलं माझं.

वसईला आमच्या शेजारी एक आजोबा राहायचे. नाताळ जवळ आला की पडवीत लसूण सोलत एकच ओळ गुणगुणायचे: पुएर नातुस एस्त नोबिस. त्यांच्या लहानपणी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, लॅटिनमध्ये व्हायची, तेव्हाची पाठ. अर्थ विचारला की म्हणायचे, "बाळ जन्मलंय आपल्यासाठी. बाकी फादरना विचार." मी तेव्हा संस्कृतचा क्त-प्रत्यय घोकत होते, धातूला 'त' लावून 'केलेला', 'गेलेला' असे शब्द करणारा. कृ-कृत, गम्-गत, जन्-जात. दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी, आणि मला पत्ता नाही!

'नातुस' हे लॅटिनमधल्या 'जन्मणे' या क्रियापदाचं भूतकालवाचक धातुसाधित, म्हणजे 'जन्मलेला'. जुनं रूप 'ग्नातुस'. प्लाउतुस या प्राचीन रोमन नाटककाराच्या नाटकांत ते 'मुलगा' म्हणून येतं. पुढे ग गळला, पण रक्ताच्या नातेवाइकाला लॅटिनमध्ये 'कोग्नातुस' म्हणतात, तिथे तो अजून बसलाय. हा ग्नातुस म्हणजेच आपला संस्कृतातला 'जात', जन्मलेला. धातू तोच, त-प्रत्यय तोच. आणि क्रियापद बघा: 'नास्कोर'. रूप कर्मणी, अर्थ कर्तरी. आपलं 'जायते' (जन्मतो) सुद्धा आत्मनेपदीच ना, कर्मणीला लागतात तेच प्रत्यय घेणारं! 'एस्त' म्हणजे 'अस्ति', आहे, हे तर कुणालाही ऐकू येईल.

नातुसवरून 'नातालिस', म्हणजे जन्माचा. त्याचं पोर्तुगीजमध्ये 'नाताल', आणि आपला नाताळ. हो, पोर्तुगीज इथे काही प्रेमाने आले नव्हते, मान्य. पण मग पाव, बटाटा, चावी हेही टाका ना बाहेर!

आता कुणीतरी लिहिणारच, 'बघा, लॅटिन संस्कृतातूनच निघाली.' नाही हो! बहिणी आहेत त्या, मायलेकी नाहीत. दोघींचा उगम एकच, आणि ती मूळ भाषा कदाचित आता उरलेलीही नसेल, हे संस्कृत शिकलेल्या विल्यम जोन्स या इंग्रज न्यायाधीशाने १७८६ मध्ये कलकत्त्यात सांगून ठेवलंय. बहिणीला बहीण म्हणायला आपल्याला कमीपणा का वाटतो?

चिडून लिहायला बसले होते, पण आता आजोबाच डोळ्यांसमोर येतायत. त्यांच्या शेवटच्या नाताळात मी त्यांना जन्-जात समजावून सांगितलं. त्यांनी लसणाचं ताट बाजूला सरकवलं, "म्हणजे मला येत होतं की गं," म्हणाले, आणि ओळ पुन्हा म्हटली. नातुसवर जरा थांबून.