गॅस्ट्रोची मोजणी लाळेतूनही व्हायला हवी

गॅस्ट्रोची साथ आली की आपण ओपीडीत आलेले जुलाब-उलट्यांचे रुग्ण मोजतो. नोरोव्हायरस या गॅस्ट्रो करणाऱ्या विषाणूच्या बाबतीत हा आकडा फार तोकडा पडतो. लागण झालेल्या अनेकांना काहीच त्रास होत नाही, आणि तरी त्यांच्या शौचातून विषाणू बाहेर पडत राहतो. अख्ख्या वस्तीकडून शौचाचे नमुने मिळत नाहीत, आणि लहान मुलांचं रक्त तीन-तीनदा काढू कोण देईल? लाळ मात्र लोक देतात, आणि लागणीनंतर शरीर विषाणूविरुद्ध जी प्रथिनं, म्हणजे अँटिबॉडी, बनवतं, ती लाळेतही सापडतात.

२००९ मध्ये प्वेर्तो रिकोच्या बोकेरॉन किनाऱ्यावर अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेच्या संशोधकांनी हे करून पाहिलं. किनाऱ्यावर आले त्या दिवशी, १०-१२ दिवसांनी आणि तीन आठवड्यांनी, असे लाळेचे तीन नमुने १,२९८ जणांकडून मिळाले. अँटिबॉडी आधीच्या चौपट झाली आणि तिसऱ्या नमुन्यातही तिपटीच्या वर राहिली, तरच लागण धरली. असे ३४ जण निघाले. पाण्यात डोकं बुडवून पोहणाऱ्यांत प्रमाण जास्त होतं, पण पोटाच्या तक्रारींशी त्याचा मेळ बसला नाही. नुसते आजारी मोजले असते तर ही लागण कुणाला कळलीच नसती.

सगळी मदार पहिल्या नमुन्यावर आहे. नोरोव्हायरसच्या अँटिबॉडी बहुतेक मोठ्या माणसांत आधीपासून असतातच, त्यामुळे एकाच नमुन्यावरून ताजी लागण ओळखता येत नाही. साथ सुरू झाल्यावर धावपळ करून घेतलेल्या नमुन्यांचा म्हणूनच फारसा उपयोग नाही.

नमुना थुंकून घ्यायचा नाही. स्पंजची काडी दात आणि हिरड्यांच्या सांध्यावर मिनिटभर तरी फिरवायची, कारण रक्तातलं आयजीजी (अँटिबॉडीचाच एक प्रकार) तिथूनच झिरपतं. लाळेत ते रक्ताच्या मानाने शेकडो पटींनी कमी असतं, म्हणून काडी घाईने फिरवली की लागण हुकते. हिरडीतून रक्त आलं तर उलट आकडा फुगतो. खाल्ल्या-खाल्ल्या किंवा ब्रश केल्याबरोबर नमुना घेऊ नये. घेतल्यावर लगेच बर्फात ठेवावा, नाहीतर लाळेतली एन्झाइम्स अँटिबॉडी तोडतात. एका माणसाचे तिन्ही नमुने प्रयोगशाळेत एकाच प्लेटवर (अनेक नमुने एकत्र तपासायच्या खाचांच्या तबकडीवर) तपासावेत. प्लेट बदलली की यंत्राचा फरक लागणीसारखा दिसू शकतो.

समोरच्या आजारी माणसाचं निदान यातून करू नये. त्याला शौचातला विषाणूच शोधणारी पीसीआर चाचणी हवी, कारण अँटिबॉडी वाढेपर्यंत तो बरा झालेला असतो. रोटाव्हायरस या मुलांना जुलाब करणाऱ्या दुसऱ्या विषाणूसाठी ही पद्धत वापरायची तर लसीकरणाची नोंद सोबत हवीच. लसीनेही अँटिबॉडी वाढते, आणि ही वाढ लसीची की लागणीची हे लाळ सांगत नाही.