पहाटे पाचचं वेळापत्रक आणि नव्वद टक्क्यांचा पिरॅमिड

एप्रिल संपत आला की पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश हटकून उगवतो. कधी खाली कुणा 'बालमानसतज्ज्ञां'चा उल्लेख असतो, कधी नुसतेच जोडलेले हात. मजकूर थोडाफार बदलतो, गाभा तोच राहतो. सुट्टीत मुलांचं शिकलेलं पुसलं जातं, म्हणून घरी शाळेसारखं तासागणिक वेळापत्रक लावा. पहाटे पाचला उठवा. २१ दिवस नेटानं पाळा, सवय लागेल. वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २० टक्के, करून पाहिलेलं ९० टक्के. तेव्हा रोज एक प्रोजेक्ट करून घ्या. आणि शेवटी आईनं घरची शिक्षिका व्हावं, अशी प्रेमळ सूचना.

मुलांनी घरी शिकत राहावं असं मलाही वाटतं, माझा पेशाच तो आहे. पण हा संदेश शब्दशः पाळायला गेलेल्या घरांत मे महिन्याच्या मध्यापर्यंत फ्रीजवरचा तक्ता खाली उतरलेला असतो आणि 'आमच्याकडे शिस्तच नाही' असा निकाल लागलेला असतो. तो निकाल मला मान्य नाही. तक्त्यातच खोट आहे.

'सुट्टीत शिकलेलं सगळं पुसलं जातं'

विसरणं होतं, पण 'सगळं' कुठून आलं? या विषयावरचं सर्वाधिक उद्धृत होणारं काम अमेरिकेतलं आहे. हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांची एकत्र छाननी केली, तेव्हा सरासरी घसरण साधारण महिनाभराच्या शिक्षणाएवढी निघाली. ती वाचनापेक्षा गणितातल्या आकडेमोडीत आणि स्पेलिंगमध्ये जास्त होती. पुढे २०१९ मध्ये पॉल फॉन हिपेल यांनी जुन्या चाचण्यांच्या मोजपट्टीवरच शंका घेतली. नव्या चाचण्या लावल्या की घसरणीचं ते चित्र नीट उमटत नाही, असं त्यांनी दाखवलं. वाद अजून मिटलेला नाही. शिवाय तिकडची सुट्टी अडीच-तीन महिन्यांची असते. आपली मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत. विदर्भात उन्हामुळे आणखी थोडी लांबते.

काही जण इथे कोविडकाळ पुढे करतात. त्या काळात खरंच फार नुकसान झालं. अझीम प्रेमजी फाउंडेशननं जानेवारी २०२१ मध्ये पाच राज्यांतली दुसरी ते सहावीची १६ हजारांवर मुलं तपासली. ९२ टक्के मुलांची भाषेतली निदान एक तरी आधी आलेली क्षमता हरवली होती, गणितात ८२ टक्क्यांची. महाराष्ट्र त्या पाचांत नव्हता, पण आपल्याकडेही पुढे ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम घ्यावा लागलाच. मात्र शाळांची ती बंदी कित्येक महिन्यांची होती. तिचा धाक सहा आठवड्यांच्या आंबे खाण्याच्या दिवसांना लावणं म्हणजे उगाच घबराट पसरवणं.

कूपर यांच्या निष्कर्षातून एक साधी गोष्ट मात्र उचलता येते. मागे पडते ती सराव सुटलेली कौशल्यं. पाढे, हातच्याची वजाबाकी, शुद्धलेखन. त्यांना रोज पंधरा-वीस मिनिटं पुरतात. त्यासाठी घराची शाळा करायला नको.

'पहाटे पाचला उठवा, शाळेसारखे तास लावा'

आधी झोप. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनची २०१६ ची शिफारस अशी: ६ ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी ९ ते १२ तास झोप, १३ ते १८ वयाला ८ ते १०. पाचला उठायचं तर नऊ वर्षांच्या मुलानं रात्री आठपर्यंत झोपायला हवं. मे महिन्यात, पाहुण्यांनी भरलेल्या घरात, पंख्याची हवाही गरम लागत असताना, रात्री आठला? महाराष्ट्र शासनानंही फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं, त्यामागे मुलांची अपुरी झोप हेच कारण होतं. शाळेनं जे सोडलं ते घरानं कशाला धरायचं?

आता तास. शाळेत ३५-४० मिनिटांचे तास असतात, कारण एका शिक्षकाला अनेक वर्ग वाटून घ्यायचे असतात. ती व्यवस्थापनाची सोय आहे. घरात एक-दोन मुलं असतात, घंटा नसते, आणि नळाला पाणी कधी येईल यावर सकाळ ठरते. '९.०० ते ९.४० गणित' लिहिलेल्या दिवशी मावशी येते, गॅस संपतो, शेजारचा मुलगा बॅट घेऊन दारात उभा राहतो. एक तास चुकला की पुढचे सगळे चुकतात आणि दुपारपर्यंत अख्खा तक्ता खोटा पडलेला असतो.

मुलांच्या दिवसाप्रमाणे शिकणं वळवायचं, याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड भागात आदिवासी मुलांसाठी काम केलं. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा ती हीच. गुरं चरण्याची वेळ बदला, असं त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

'२१ दिवसांत सवय लागते'

हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकातून निघाला. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान २१ दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. लोकांनी 'निदान' गाळलं आणि चेहऱ्याचा नियम अभ्यासाला लावला. फिलिपा लॅली यांनी लंडनमध्ये ९६ जणांवर केलेल्या पाहणीत नवी गोष्ट अंगवळणी पडायला मध्यक ६६ दिवसांचा निघाला, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त; कुणाला १८, कुणाच्या बाबतीत हिशेबानं २५४ निघाले. म्हणजे बाविसाव्या दिवशी मूल टाळाटाळ करत असेल तर काही बिघडलेलं नाही.

त्याच पाहणीतल्या आणखी दोन गोष्टी पालकांच्या जास्त कामाच्या आहेत. त्या लोकांनी नवी गोष्ट रोज घडणाऱ्या एखाद्या प्रसंगाला बांधली होती, उदाहरणार्थ नाश्त्यानंतर. आणि एखादा दिवस चुकल्यानं सवयीच्या वाढीत फारसा फरक पडला नाही.

हे वाचताना मला परवचा आठवला. दिवेलागण झाली, देवापाशी दिवा लागला, शुभंकरोती झालं की पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. घड्याळात किती वाजले याच्याशी संबंध नाही. दिवा लागला की तोंड सुरू. मे महिन्यात दिवेलागण सातच्या पुढे, डिसेंबरात सहाच्या सुमाराला. परवचा तिच्याबरोबर सरकायचा. आणि पुस्तक समोर नसायचं, आठवून म्हणायचं. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर नेमकं हेच तपासलं: एका गटानं उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्यानं न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते, आठवड्यानं विचारलं तेव्हा आठवणारे बरेच पुढे गेले.

परवच्याचे गोडवे गायचे नाहीत. त्यात छड्याही होत्या, आणि औटकी म्हणणाऱ्या कितीकांना साडेतीनचा अर्थ ठाऊक नसायचा. पण रोजच्या एका खुणेला बांधलेली, न बघता आठवण्याची वीस मिनिटं, एवढा सांगाडा आजही उचलण्यासारखा आहे. दिवा नसेल तर संध्याकाळचा चहा, नाहीतर बाबांची अंघोळ. तक्त्यावर एवढी एकच ओळ पुरे.

'करून पाहिलेलं ९० टक्के लक्षात राहतं, रोज एक प्रोजेक्ट करा'

या मुद्द्याला जास्त वेळ देतो, कारण शिक्षकांच्या प्रशिक्षणातसुद्धा या टक्केवारीचा पिरॅमिड सुखेनैव फिरतो. एडगर डेल या अमेरिकी प्राध्यापकांनी १९४६ मध्ये 'अनुभवाचा शंकू' काढला. खाली प्रत्यक्ष अनुभव, वर चित्रं, टोकाला शब्द. त्या शंकूत टक्केवारी नव्हतीच. ती नंतर कुणीतरी चिकटवली. १०, २०, ३०, ५०, ९० असे गुळगुळीत आकडे खऱ्या प्रयोगातून येत नाहीत, एवढं तरी गणिताच्या शिक्षकाला खटकायला हवं. शिवाय काय वाचलं, कुणी वाचलं, किती दिवसांनी विचारलं, हे सांगितल्याशिवाय 'वाचलेलं १० टक्के' या वाक्याला अर्थच नाही.

आकडे खोटे असले तरी करून पाहणं वाईट ठरत नाही. अडचण आहे ती 'रोज एक' यात. रोज एक प्रोजेक्ट म्हणजे रोज स्टेशनरीच्या दुकानात फेरी, तयार चित्रांचा चार्ट, डिंक, चमकी आणि रात्री साडेदहाला आईचे दुखणारे हात. त्यात सगळ्यांचा लाडका ज्वालामुखी. मातीचा किंवा थर्माकोलचा शंकू, आत खाण्याचा सोडा, वरून व्हिनेगर आणि लाल रंग. फेस येतो, टाळ्या पडतात, फोटो गटावर जातो. मूल शिकलं काय? सोडा आणि आम्ल एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड निघतो, हे. ज्वालामुखीत तसं काही घडत नाही.

गंमत म्हणजे महाराष्ट्रातल्या बहुतेक मुलांच्या पायाखाली खरा ज्वालामुखी आहे. दख्खनचं पठार सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून तयार झालं, आणि तो लाव्हा मुख्यतः जमिनीच्या लांबलचक भेगांतून आला. उंच टोकदार डोंगरातून नव्हे. घाटातून जाताना कड्यावर दिसणाऱ्या आडव्या पट्ट्या हे ते थर. देवळाच्या पायरीचा काळा दगड तोच बेसाल्ट. त्याच्या काही तुकड्यांत बारीक भोकं असतात, तिथे वायूचे बुडबुडे होते. काही भोकांत पांढरे स्फटिक भरलेले सापडतात. आजोळच्या ओढ्यातून चार वेगळे दगड आणून 'याला भोकं का, त्याला का नाहीत?' एवढ्या प्रश्नामागे लागलेलं मूल त्या फेसाळ शंकूपेक्षा कितीतरी पुढे जातं. खर्च शून्य.

चांगला प्रकल्प ओळखायची माझी खूण अशी: उत्तर आधीपासून घरात कुणालाच ठाऊक नसावं, आणि ते एका दिवसात मिळू नये. विजेचं मीटर घ्या. रोज संध्याकाळी त्याच वेळेला मुलानं आकडा वहीत टिपायचा. आठवड्यानं विचारायचं, रविवारी जास्त का? मग पंख्यावर किती वॅट लिहिलंय ते शोधायचं. ७५ वॅटचा पंखा १० तास चालला तर ७५० वॅट-तास, म्हणजे पाऊण युनिट. ३० दिवसांचे साडेबावीस. इस्त्री १००० वॅटची असेल तर तासाला एक युनिट. महावितरणच्या बिलात १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, हे कळलं की मूल स्वतःहून दिवे बंद करायला लागतं आणि मोठ्यांना टोकायलाही. दशांश अपूर्णांक इथे आपोआप येतात.

आणि मे महिन्याची खास देणगी, शून्य सावलीचा दिवस. अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. पुण्यात १३-१४ मेच्या आसपास, मुंबईत १५-१६ ला, नागपुरात २६ च्या सुमारास. दुसरी खेप बहुतेक ठिकाणी पावसाच्या ढगांत हरवते. गच्चीत सरळ काठी उभी करून आठवडाभर आधीपासून दुपारची सगळ्यात आखूड सावली मोजत राहायची. मूल लगेच विचारेल, बाराला का नाही, साडेबाराला का? कारण आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं आहे आणि पुणे त्याच्या बरंच पश्चिमेला. हे लगेच सांगून टाकू नका. नागपूरच्या मावसभावाला फोन करून त्याच्याकडे सावली किती वाजता सर्वात आखूड झाली ते विचारू द्या. तिथे पुण्याच्या साधारण वीस मिनिटं आधी होते.

थोडं शिकवावंही लागतं. कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी २००६ मध्ये बजावलं होतं की नवशिक्याला नुसतं 'शोध स्वतः' म्हणून सोडलं तर तो चाचपडत राहतो. मीटर वाचायचं कसं, ते दाखवायलाच हवं. सुट्टीभरात असे दोन प्रकल्प झाले तरी भरपूर.

'आईनं शिक्षिका व्हावं'

आईनंच का, हे संदेशात कुठेच नाही. आणि ज्या घरात दोघंही कामावर जातात, किंवा आई स्वतः चौथीपर्यंत शिकलेली आहे, तिथे हा सल्ला नुसता ओझं होतो. मीटरच्या वहीला शिकलेली आई लागत नाही. 'आज किती आला आकडा? कालच्यापेक्षा जास्त का?' हे आजीही विचारू शकते, भाजी निवडता निवडता. मुलाला उत्तर येत नसेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचं.