चौलचा घोडा, तेरचं कापड आणि तुमची चार दिवसांची सुट्टी

नमस्कार,

कोकण किनाऱ्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, बरं वाटलं. नुसता अंगठा दाखवून पुढे जाणाऱ्यांपेक्षा भांडणारा वाचक मला केव्हाही परवडतो. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. माणूस समुद्रावर डोकं शांत करायला जातो. त्याला रस्ता, खोली, जेवण यांची माहिती हवी असते, तिथे जुने दर्यावर्दी आणून बसवायची गरज नव्हती. त्यातही वास्को द गामासारख्या लुटारूचं नाव तर नकोच. आणि शेवटचा टोला असा, की सोलापूरच्या माणसानं चादरीवर आणि चटणीवर लिहावं, समुद्र त्याला काय कळणार!

टोल्यापासूनच सुरुवात करतो, कारण तो मला आवडला. चला, कापडावरच लिहितो.

आपल्याकडून तुळजापूर-धाराशिव करत तेरला जाता येतं. गोरोबाकाकांचं गाव म्हणून आपण जातो, दर्शन घेतो, परत येतो. आता बघा की, पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या कुणा व्यापारी-खलाशानं तांबड्या समुद्रापासून आपल्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची टिपणवही केली. लिहिणाऱ्याचं नाव गेलं, वही राहिली. तिला 'पेरिप्लस' म्हणतात. त्या वहीत आपलं तेर आहे, 'तगर' या नावानं. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं फार मोठं शहर, असं त्याचं वर्णन आहे. आणि तिथून गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे काय जायचं? साधं कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल. सोलापुरात गिरण्यांचे भोंगे वाजायच्या कितीतरी शतकं आधी आपल्या मुलखातलं कापड जहाजात चढत होतं. तेरच्या संग्रहालयात हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती आहे. तिच्या जातकुळीची दुसरी मूर्ती १९३८ साली इटलीत पॉम्पेईच्या उत्खननात सापडली, म्हणजे इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या शहरात. तेव्हा समुद्राशी आपला संबंध नाही, हे निदान तेरच्या शेजाऱ्यांनी तरी म्हणू नये.

ही जहाजं येत कशी होती, हा भाग मूळ लेखात मी दोन ओळींत उरकला होता. इथे जरा थांबतो. इजिप्तकडून हिंदुस्थानाकडे येणारे खलाशी जुलैच्या सुमारास निघत. नैर्ऋत्येचा वारा पाठीशी घेतला की किनारा धरून रांगत यायचं कारण उरत नसे, भर समुद्रातून सरळ आपला किनारा गाठता येई. परतायचं तर वारा उलटा फिरेपर्यंत थांबायचं, म्हणजे थंडी येईपर्यंत. हाच नैर्ऋत्येचा वारा ढग घेऊन सह्याद्रीवर आपटतो, कोकणात धो धो कोसळतो आणि घाट चढून आपल्यापर्यंत येईतो त्याच्या झोळीत फारसं काही उरत नाही. जून-जुलैत आपण आभाळाकडे डोळे लावून बसतो, आपला भरवशाचा पाऊस बहुतेक सप्टेंबरातला. ज्या वाऱ्यानं व्यापाऱ्यांना कोकणातल्या चौल बंदराला आणलं त्यानंच आपल्याला ज्वारी पेरायला लावली. समुद्र कळायला किनाऱ्यावरच जन्मावं लागतं असं नाही.

वाऱ्याशी भांडलं की काय होतं, याचा सगळ्यात चोख दाखला वास्को द गामाचाच आहे, म्हणून तो लेखात आला. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मालिंदीच्या राजानं त्याला वाट जाणणारा नावाडी दिला. एप्रिल १४९८ च्या अखेरीस तो निघाला, वारा अनुकूल होता, आणि महिन्याच्या आत, २० मे रोजी, कालिकतजवळ पोचला. परतताना मात्र त्यानं वाऱ्याची वाट पाहिली नाही. तोच समुद्र ओलांडायला त्याला जवळजवळ तीन महिने लागले. हिरड्या सुजून, दात हलून, स्कर्व्हीनं माणसं पटापट मेली. एवढी, की मालिंदीला पोचल्यावर एक जहाज चालवायला माणसंच उरली नाहीत आणि ते त्यांनी स्वतःच जाळून टाकलं. लिस्बनहून निघाले होते दीडशेहून जास्त, घरी परतले त्याच्या निम्मेही नाहीत.

याला कौतुक म्हणत असाल तर म्हणा. पण याच माणसानं पुढच्या फेरीत, १५०२ साली, मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज बायकापोरांसकट जाळलं, हेही त्याच लेखात होतं. तुम्ही बहुधा तिथवर पोचण्याआधीच रागावलात. त्यानं समुद्रमार्ग 'शोधला' असं मी कुठेही लिहिलेलं नाही. आपले, अरबांचे, गुजरात्यांचे खलाशी पिढ्यान्‌पिढ्या त्या पाण्यावरून ये-जा करत होते, आणि त्यांच्यातल्याच कुणीतरी त्याला वाट दाखवली. लुटारू होता म्हणून त्याला वगळायचं ठरवलं तर किनाऱ्यावरचे निम्मे किल्ले कुणाच्या धास्तीनं उभे राहिले तेही सांगता येणार नाही.

आता तुमचा खरा मुद्दा: शांत बसायला गेलेल्या माणसाला हे सगळं कशाला?

तुम्हाला जो किनारा शांत वाटतो तो तसा का आहे, याचं उत्तर बऱ्याच ठिकाणी या लोकांच्याच गोष्टीत सापडतं. चौल-रेवदंडा घ्या. नारळी-पोफळीच्या वाड्या, सुस्त खाडी, पलीकडे कोर्लईचा किल्ला, संध्याकाळी वाळूवर चार कुत्री आणि दोन सायकली. हे एके काळचं पश्चिम किनाऱ्यावरचं नामांकित बंदर. १४६९ च्या सुमारास अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी इथेच उतरला. बरोबर एक घोडा. दख्खनमध्ये चांगला घोडा पैदा होत नसे, बहमनी दरबाराला समुद्रापलीकडून येणाऱ्या घोड्यांची फार गरज, तेव्हा चांगला दाम येईल हा हिशेब. घाट चढून जुन्नरला गेला तर पावसाळा लागला. चार महिने रात्रंदिवस पाऊस आणि चिखल, असं त्यानं लिहून ठेवलंय. तिथल्या खानानं घोडाच काढून घेतला. मोठ्या मिनतवारीनं तो परत मिळवला आणि शेवटी बीदरला विकला. आपल्या गावातला भुईकोट ज्या बहमनींच्या काळातला, त्यांचीच ही राजधानी. फिरत फिरत तो शेजारच्या गुलबर्ग्यालाही गेला. परतीच्या वाटेला दाभोळहून जहाजात बसला, पण घरी पोचलाच नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडेच वारला. मला वास्कोपेक्षा हा माणूस जवळचा वाटतो. तोफा नाहीत, राजाचं फर्मान नाही. एक घोडा आणि तोही धड विकता येईना.

चौलची खाडी गाळानं भरत गेली, पुढे मुंबई वाढली, व्यापार उठून तिकडे गेला. बंदर मोडलं म्हणून तिथे आज तुम्हाला लाटेचा आवाज ऐकू येतो. व्यापार टिकला असता तर त्या वाळूवर क्रेन आणि कंटेनर उभे असते, आणि तुम्ही चार दिवसांसाठी तिथे फिरकला नसतात. आडोशाची खाडी, बेताची लाट, गोड्या पाण्याच्या विहिरी, सावली हे सगळं खलाशाला नांगर टाकायला हवं होतं. आपल्यालाही तेच हवं असतं, फक्त आपण बॅग टाकतो.

आणि समुद्रावर 'आराम करायला' जाणं ही कल्पनाही तशी अलीकडचीच. अठराव्या शतकात इंग्लंडमधले डॉक्टर रोग्यांना समुद्रस्नानासाठी ब्रायटनसारख्या गावी धाडू लागले. समुद्राचं पाणी प्यायलाही सांगत! (आपल्या शेंगाचटणीनंतर हा प्रयोग कुणी करू नये.) आपल्याकडचा कोळी अजूनही नारळीपौर्णिमेला नारळ वाहूनच होडी पाण्यात घालतो. त्याच्या लेखी समुद्र म्हणजे सुट्टी नव्हे.

उरलं तुमचं एक वाक्य, जे रागाच्या भरात तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिलंत: आईंना घेऊन जायचंय, गर्दी नको, फार चालणं नको, कुठे जाऊ? याचं उत्तर आधी द्यायला हवं होतं म्हणता, तर आता देतो. गुहागरला जा. मे महिन्यात नको. दिवाळीनंतर जा, तेही दिवाळीच्या सुट्ट्या संपू द्या आणि शनिवार-रविवार टाळा. गाव किनाऱ्याला समांतर, वाड्यांच्या सावलीत वसलेलं. व्याडेश्वराचं देऊळ गावातच, त्यामुळे आईंची पायपीट होणार नाही. किनारा लांबलचक आहे, बसायला जागा कमी पडत नाही. पाण्यात उतरायचं असेल तर कुठे आणि कधी ते तिथल्या माणसाला विचारा, आणि तो नको म्हणाला तर वाद घालू नका.

एक दिवस धोपाव्याच्या जेटीवर गाडी फेरीबोटीत चढवा आणि पलीकडे दाभोळला उतरा. निकितीन निघाला ते हेच बंदर. काठावर आदिलशाही मशीद आहे. घुमट पाहून विजापुरात आल्यासारखं वाटेल, आणि ते स्वाभाविक आहे, कारण हे विजापूरकरांचंच बंदर होतं. मक्केला निघालेली एक शाहजादी समुद्र धोक्याचा म्हणून इथे अडकली आणि जवळचा पैसा तिनं मशिदीला लावला, अशी आख्यायिका तिथे सांगतात. आईंना आवडेल. तुम्हाला नको असेल तर तेवढा वेळ गाडीत बसा.

जाताना पंढरपूर-कऱ्हाड-पाटण-चिपळूण धरा. पहाटे निघालात तर कुंभार्ली घाट दिवसाउजेडी उतराल. आईंना मासे चालत नसतील तर घरगुती खाणावळीत आदल्या दिवशीच सांगून ठेवा. आयत्या वेळी नुसती सोलकढी आणि भात मिळतो.