पाळी चुकली आणि तिने व्हॉल्व्हची गोळी बंद केली

माझ्या मावसबहिणीच्या छातीत धातूचा व्हॉल्व्ह आहे. रात्री घर शांत झालं की त्याची टिकटिक शेजारी झोपलेल्यालाही ऐकू येते. लहानपणी तिचा घसा सारखा धरायचा, ताप यायचा, सांधे सुजायचे. त्या संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप (व्हॉल्व्ह) खराब झाली आणि १९व्या वर्षी ऑपरेशन झालं. तेव्हापासून रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज संध्याकाळी, जन्मभर.

२४व्या वर्षी लग्न ठरलं. बघायला आलेल्यांना सांगितलं गेलं, "लहानपणी एक छोटं ऑपरेशन झालंय." मी त्या खोलीत होते. मीही गप्प बसले.

दिवस गेले तेव्हा कोणीतरी तिला म्हणालं, ही गोळी पोटातल्या बाळाला वाईट असते. ते खोटं नव्हतं. पण सासरी कोणाला विचारणार? व्हॉल्व्हचं नावच घरात कोणी काढलेलं नव्हतं. तिने गोळी बंद केली. बाराव्या रात्री धाप लागली, आडवं होता येईना. तिचा नवरा मला नंतर म्हणाला, "ताई, तिच्या छातीतला आवाजच येईना झाला होता." व्हॉल्व्हवर गुठळी धरली होती. गुठळी विरघळवायचं औषध देऊन तिला वाचवलं. बाळ गेलं. शुद्धीवर आल्यावर तिचं पहिलं वाक्य होतं, "मी बाळासाठीच बंद केली गं ताई."

मला राग तिचा येत नाही. ऑपरेशननंतर तिला दहा वेळा बजावलं होतं, गोळी चुकवायची नाही. पण पुढे मूल हवं असेल तर दिवस राहायच्या आधी भेटायला ये, हे त्या १९ वर्षांच्या मुलीला कोणीही सांगितलं नाही. ना दवाखान्यात, ना आम्ही घरच्यांनी.

वॉरफेरिन काय किंवा असेनोकुमेरॉल काय, रक्त पातळ ठेवणाऱ्या या गोळ्या वारेतून बाळापर्यंत पोचतात. सहाव्या ते बाराव्या आठवड्यात त्यांचा धोका सगळ्यात जास्त. बाळाच्या नाकाचं हाड नीट वाढत नाही, नाक बसकं राहून श्वासाला अडथळा होऊ शकतो, हाडांच्या टोकांमध्ये दोष राहतात. गर्भपाताची आणि बाळाच्या मेंदूत रक्तस्राव होण्याची भीतीही असते. डोस वाढेल तसा धोका वाढतो. म्हणूनच युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, रोज ५ मिलिग्रॅमपेक्षा कमी वॉरफेरिन किंवा २ मिलिग्रॅमपेक्षा कमी असेनोकुमेरॉल पुरत असेल, तर पहिल्या तीन महिन्यांतही तीच गोळी चालू ठेवण्याचा विचार होऊ शकतो. डोस जास्त असेल तर त्या आठवड्यांपुरतं हेपॅरिनचं, म्हणजे रक्त पातळ ठेवणाऱ्या दुसऱ्या औषधाचं, इंजेक्शन. हेपॅरिनचे रेणू मोठे, ते वार ओलांडत नाहीत, बाळापर्यंत जात नाहीत. पण गोळीइतकी व्हॉल्व्हची राखण ते करत नाही, आणि गरोदरपणात रक्त आधीच लवकर गोठतं. बाळाला जपावं तर आईचा जीव टांगणीला, आईला जपावं तर बाळाचा. हा निर्णय एकट्या बाईने स्वयंपाकघरात उभं राहून घ्यायचा नसतो. धातूचा व्हॉल्व्ह असलेल्या २१२ गरोदर स्त्रियांची, वेगवेगळ्या देशांतली नोंद २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. कुठलीही मोठी गुंतागुंत न होता जिवंत बाळ हाती आलं, अशा त्यात फक्त ५८ टक्के होत्या. देखरेख असूनही.

आणि वेळ किती असतो? आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात. पाळी पंधरा दिवस लांबली तर सहावा आठवडा आलाच. आपल्याकडे दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी होते, जोखमीच्या बाईच्या कार्डावर लाल स्टिकर लागतो. चांगली योजना आहे. पण ती चौथ्या महिन्यापासूनच्या बायकांसाठी. तोवर हे आठवडे निघून गेलेले असतात.

हे फक्त व्हॉल्व्हवाल्यांचंच नाही. हल्ली पस्तिशीत बीपीची गोळी सुरू झालेल्या कितीतरी जणी आहेत. रॅमिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन या गोळ्या तिसऱ्या महिन्यानंतर बाळाच्या मूत्रपिंडावर घाव घालतात. पोटातलं पाणी पुढे मुख्यतः बाळाच्या लघवीचंच असतं, ते आटतं. लॅबेटालॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा हे पर्याय आहेत, पण बदलून देणाऱ्याला दिवस गेल्याचं कळायला हवं ना! उलट संधिवाताचा ताप पुन्हा येऊ नये म्हणून दर २१ दिवसांनी घ्यायचं पेनिसिलिन गरोदरपणात चालतं, आणि बायका नेमकं तेही बंद करतात.

मुलीच्या छातीवरचा व्रण लग्नात लपवणाऱ्या आईबापांची भीती मला कळते. स्थळं परत जातात. तरी मी आता कोणाच्याही बैठकीत गप्प बसणार नाही.

बहिणीने दोन वर्षांनी पुन्हा ठरवलं तेव्हा आधी सगळे मिळून डॉक्टरांकडे गेले, सासूबाई फाईल घेऊन पुढे. सहाव्या आठवड्यापासून दिवसातून दोनदा पोटावर इंजेक्शनं, बाराव्यानंतर पुन्हा गोळी, ३६व्या आठवड्यात परत इंजेक्शनं, कारण गोळीवर असताना कळा सुरू झाल्या तर बाळाचंही रक्त पातळ असतं. सारखं रक्त तपासणं, हाताच्या शिरा काळ्यानिळ्या. मुलगी झाली. मग नातेवाइकांनी नवं काढलं, गोळी सुरू आहे तर अंगावर पाजू नकोस. या वेळी तिने त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारलं. ही गोळी दुधात जवळजवळ उतरतच नाही, असं त्यांनी सांगितलं. तिने दीड वर्ष पाजलं.