बंदूक खाली घ्यायला शिकवणारा खेळ

पॅरिस ऑलिंपिकपासून हा प्रश्न मला सतत येतोय: "मुलाला शूटिंगला घालावं का गं?" त्याच्या जोडीला नातेवाइकांचा ठरलेला सूर, "मुलीच्या हातात पिस्तूल कशाला द्यायचं?" माझी लेक एअर पिस्तूल शिकते, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

माझं उत्तर सरळ आहे. जरूर घाला. पण पहिलं वर्षभर काही विकत घेऊ नका आणि मुलाला स्कोअर विचारू नका.

आधी भीतीबद्दल. ती चुकीची नाही. एअर गन हे खेळणं नव्हे, त्याच्या छर्‍याने डोळा जाऊ शकतो. म्हणूनच मूल जत्रेतले फुगे फोडत किंवा गच्चीवरून कबुतरं टिपत हे शिकण्यापेक्षा रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, शिकलेलं बरं. चांगल्या रेंजवर पहिले कितीतरी दिवस फक्त शिस्त चालते. 'लोड' म्हटल्याशिवाय छर्रा घालायचा नाही. 'स्टॉप' ऐकलं की बोट ट्रिगरवरून बाहेर. नळीचं तोंड कायम टार्गेटकडे, मग पिस्तूल रिकामं असलं तरी. नळीत नारिंगी सेफ्टी फ्लॅग (पिस्तूल रिकामं असल्याची खूण) घातल्याशिवाय पिस्तूल टेबलावर ठेवून मागे वळायचं नाही. पुढे कोणी टार्गेट बदलायला गेलं असेल तर शस्त्राला हातसुद्धा लावायचा नाही. हे नियम मोडणार्‍या मुलाला त्या दिवशी घरी पाठवणारे कोच मला आवडतात. अशा वेळी पालकांनी मध्ये पडू नये.

आता खेळाबद्दल, कारण बाहेरून बघणार्‍याला वाटतं की नेम धरायचा आणि मारायचं. लेकीला रेंजवर उभी राहिलेली पाहते तेव्हा आधी पाय जागेवर पक्के होतात, मग कंबर, मग खांदा. डावा हात खिशात. पिस्तूल टार्गेटच्या वरपर्यंत उचलायचं आणि श्वास सोडत सावकाश काळ्या गोलाच्या खाली आणायचं. नजर फ्रंट साईटवर, म्हणजे नळीच्या टोकाकडच्या नेमाच्या खुणेवर. समोरचा गोल धूसर दिसला पाहिजे, तो स्पष्ट दिसायला लागला तर नजर चुकीच्या जागी गेली. ट्रिगर नियमाने किमान 500 ग्रॅमचा, तो एकसारख्या दाबाने मागे न्यायचा. दहा मीटरवर पिस्तुलाचा दहा गुणांचा गोल 11.5 मिलिमीटरचा. रायफलच्या दहाला तर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका.

आणि मग कधीकधी ती शॉट मारतच नाही. हात जरा जास्त वेळ हवेत राहिला, मनगट हललं, मन दुसरीकडे गेलं, की पिस्तूल खाली. श्वास घ्यायचा आणि पुन्हा पायापासून सुरुवात. मॅचमध्ये साठ शॉट्सना सव्वा तास मिळतो, तो यासाठीच. बिघडत चाललेला शॉट सोडून देणं हे मुलांना सगळ्यात अवघड जातं. हात वर गेलाय, सगळे बघतायत, मारून मोकळं व्हावंसं वाटतं. त्या क्षणी थांबायला शिकलेलं मूल बघताना मला जो आनंद होतो, तो दहाच्या शॉटने होत नाही. शूटिंगने एकाग्रता वाढून गणितात मार्क वाढतील, या आशेने मात्र कोणी मुलाला घालू नका. तो या खेळावर अन्याय आहे.

म्हणूनच रेंजच्या दारात "किती आले?" हा पालकांचा प्रश्न मला खटकतो. ज्या मुलाला घरी आकडा सांगायचा असतो, ते पिस्तूल खाली घेत नाही. ओढून मारतं. त्याऐवजी "आज किती वेळा खाली घेतलंस?" असं विचारून बघा, मुलं किती बोलतात ते कळेल.

घाई कशाची आहे? अंजली भागवत एनसीसीतून रायफलकडे आल्या त्या कॉलेजच्या वयात, आणि 2002 मध्ये जगात पहिल्या क्रमांकावर पोचल्या. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत 2010 ला म्युनिकमध्ये विश्वविजेती झाली, तेव्हा ती शाळकरी मुलगी नव्हती. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा रायफल नेमबाज स्वप्नील कुसाळे 2009 मध्ये राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि ऑलिंपिकचं कांस्य मिळालं 1 ऑगस्ट 2024 ला. मध्ये पंधरा वर्षं गेली. त्याच्या स्पर्धेत गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने अशा तिन्ही तऱ्हांनी मारायचं असतं; त्या फायनलमध्येही पहिल्या दोन्हींनंतर तो मागेच होता, उभ्याने मारताना वर आला. त्याचे वडील शिक्षक आहेत, हेही सांगते, कारण हा फक्त पैसेवाल्यांचा खेळ आहे असं आपण सहज म्हणून टाकतो.

अर्थात पैसे लागतात. परदेशी मॅच पिस्तूल लाख-दीड लाखाच्या पुढेच, रायफल आणि तिचं जॅकेट-ट्राउजर त्याहून महाग. एका अकॅडमीत आम्हाला पहिल्याच भेटीत, मुलीने पिस्तूल हातात धरण्याआधी, किटचं कोटेशन दिलं गेलं. आम्ही तिथून निघालो. क्लबची पिस्तुलं असतात, त्यावर वर्षभर आरामात शिकता येतं. भिंतीकडे तोंड करून छर्‍याशिवाय ड्राय प्रॅक्टिस करायला तर खर्चच नाही, आणि खरी प्रगती त्यातच होते.

लहानग्यांच्या पालकांना कळकळीची विनंती. मॅच रायफल साडेपाच किलोपर्यंत असू शकते. उभं राहून ती पेलताना कंबर पुढे आणि पाठ मागे कलते. वाढत्या वयाच्या मणक्याला हे रोज करायला लावू नका. रायफल स्टँडवर ठेवून शिकवणारा कोच शोधा, शिवाय पोहणं, पळणं, पोटापाठीचे व्यायाम चालू ठेवा. जर्मनीत बारा वर्षांखालच्या मुलांना छर्‍याऐवजी प्रकाशाच्या रायफलवर शिकवतात. आपल्याकडेही शाळांनी हे करून बघायला काय हरकत आहे?

घरी पिस्तूल आणलंच तर ते कुलपात आणि चावी मोठ्यांकडे. दहा मीटरच्या ठरावीक ताकदीपर्यंतच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, पण म्हणून ते पाहुण्यांच्या मुलांना दाखवायची वस्तू होत नाही. आणखी एक, जे फार कमी क्लबमध्ये सांगतात: छर्रे शिशाचे असतात. सराव संपला की साबणाने हात धुतल्याशिवाय मुलांना डबा उघडू देऊ नका.